शाब्दिक विनोद : सातारा–सांगलीची परंपरा

शब्दाचे दोन अर्थ, दोन शब्दांचे सारखे उच्चारण किंवा एकाच शब्दाची दोन प्रकारे होणारी फोड यांच्या आधारे निर्माण होणाऱ्या विनोदास शाब्दिक विनोद म्हणतात. मराठीत अशा चमत्कृतीस ‘कोटी’ ही संज्ञा रूढ असून अलंकारशास्त्रात तिचा समावेश मुख्यतः ‘श्लेष’ या अलंकारात होतो. सातारा व सांगली या जिल्ह्यांत या विनोदाची विशेष समृद्ध परंपरा आढळते. हे दोन्ही जिल्हे ऐतिहासिक दृष्ट्या परस्परांशी निगडित आहेत. सांगली संस्थानाचा काही भाग व जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके यांचा मिळून १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा बनविण्यात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव देण्यात आले. त्यामुळे या परिसरातील नाटक, तमाशा आणि लोकभाषा यांचा विचार एकत्रितपणेच करावा लागतो. या परंपरेचा महत्त्वाचा विशेष असा, की येथे श्लेष हा केवळ अलंकार राहिला नाही. ज्यांना उघडपणे बोलण्याची मुभा नव्हती, त्यांच्या बोलण्याचे ते एक साधन बनले.

शाब्दिक व अर्थनिष्ठ विनोद यांतील भेद फार पूर्वीच ओळखला गेला होता. रोमन वक्ता सिसेरो याने वक्तृत्वावरील आपल्या ग्रंथात (इ. स. पू. ५५) त्याची एक सोपी कसोटी सांगितली आहे. शब्द बदलले तरी टिकतो, तो विनोद अर्थाचा. शब्द बदलताच जो नाहीसा होतो, तो शब्दाचा. शाब्दिक विनोद भाषांतरात टिकत नाही, या सर्वपरिचित अनुभवाचे मूळ याच भेदात आहे. आधुनिक काळात सिग्मंड फ्रॉइड याने विनोदावरील आपल्या ग्रंथात (१९०५) असे प्रतिपादन केले, की परस्परांपासून दूर असलेल्या दोन कल्पना एका शब्दाच्या आधारे एकदम जवळ आल्या, म्हणजे मनाचे श्रम वाचतात आणि त्या बचतीतून सुख होते. शिवाय एरवी दाबून ठेवलेला राग वा उपहास अशा विनोदाच्या आडून बाहेर पडू शकतो. आर्थर कोस्लर याने १९६४ मध्ये दोन स्वतंत्र विचारचौकटींच्या अकस्मात छेदनातून विनोद निर्माण होतो, अशी उपपत्ती मांडली. मराठीत या विषयाची शास्त्रीय चर्चा करणाऱ्या आरंभीच्या लेखकांत न. चिं. केळकर (१८७२–१९४७) हे प्रमुख होत. त्यांचे शिक्षण काही काळ मिरजेस झाले होते आणि १८९६ मध्ये पुण्यास लोकमान्य टिळकांकडे जाण्यापूर्वी त्यांनी साताऱ्यास वकिली केली होती. त्यांचा सुभाषित आणि विनोद हा ग्रंथ १९०८ मध्ये व हास्यविनोदमीमांसा हा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला.

घडण : संस्कृत साहित्यशास्त्राने श्लेषाचे सभंग व अभंग असे दोन भेद मानले आहेत. शब्द न तोडता दोन अर्थ निघतात तेव्हा अभंग व शब्द निराळ्या ठिकाणी तोडल्याने दुसरा अर्थ निघतो तेव्हा सभंग श्लेष होतो. ‘कर’ म्हणजे हात आणि कर म्हणजे सरकारी देणे, हे अभंग श्लेषाचे उदाहरण होय. ‘राजाने कर मागितला आहे’ असे म्हणणाऱ्यास, ‘एक देता येईल, दोन्ही दिले तर भाकरी कशाने खायची?’ असे उत्तर मिळाले, की दोन्ही अर्थ एकाच वाक्यात उभे राहतात. ‘खासदार’ या शब्दाची ‘खास दार’ अशी फोड करून ते दार सर्वांसाठी उघडत नाही असे सुचविणे, हा सभंग प्रकार होय. दोन शब्दांच्या उच्चारांत थोडा फरक असला, तरीही कोटी साधते. ‘कर्ज काढायची ती सोसायटी आणि फेडायची ती सोसायची’, या वाक्यात एका अक्षराच्या बदलाने सहकारी पतपुरवठ्याकडून शेतकऱ्याच्या सोसण्याकडे अर्थ वळतो.

मराठीच्या व्याकरणाचाही अशा विनोदास मोठा आधार होतो आणि अडथळाही होतो. मराठीत विशेषण व क्रियापद हे नामाच्या लिंगाप्रमाणे बदलत असल्याने दुसरा अर्थ दडविणे कठीण असते. ‘हार’ हा शब्द माळ या अर्थी पुल्लिंगी व पराभव या अर्थी स्त्रीलिंगी आहे. ‘हार झाली’ किंवा ‘हार घातला’ असे म्हणताच कोणता अर्थ अभिप्रेत आहे, ते उघड होते. परंतु ‘निवडणुकीस उभे राहिले की हार नक्की’ या वाक्यात ‘नक्की’ हे अविकारी विशेषण योजल्याने दोन्ही अर्थ कायम राहतात. कसलेला विनोदकार व्याकरणाचे नाव न घेताही अशी रूपे अचूक निवडतो. हे कौशल्य पुस्तकी नसून कानाने आत्मसात केलेले असते.

विनोदाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रकार म्हणजे ‘श्लेषवक्रोक्ती’ होय. नवव्या शतकातील आलंकारिक रुद्रट याने वक्रोक्तीचे श्लेषवक्रोक्ती व काकुवक्रोक्ती असे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिल्यात एकाने एका अर्थाने उच्चारलेला शब्द दुसरा बुद्ध्याच निराळ्या अर्थाने घेतो. दुसऱ्यात केवळ स्वरभेदाने अर्थ उलटा होतो. ‘तू मोठा शहाणा आहेस’ हे वाक्य स्तुतीचे की निंदेचे, ते आवाजच ठरवितो. श्लेषवक्रोक्तीचा संस्कृत सुभाषितांतील परिचित नमुना शिव-पार्वती संवादाचा आहे. दारात उभा असलेला शिव आपण ‘शूली’, म्हणजे त्रिशूळधारी, असल्याचे सांगतो. पार्वती त्याचा अर्थ शूळ उठलेला रोगी असा घेऊन त्याला वैद्याकडे जाण्यास सांगते. येथे बोलणारा निराळा आणि अर्थ फिरविणारा निराळा आहे. सातारा–सांगलीच्या तमाशातील विनोद बहुतांशी याच घाटाचा आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

रंगभूमी : सांगलीस १८४३ मध्ये विष्णुदास भावे (मृत्यू १९०१) यांनी संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने सीतास्वयंवर हे नाटक सादर केले. या घटनेपासून मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा आरंभ मानला जातो आणि ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळण्यात येतो. या नाटकांतील पदे रचलेली असत व ती सूत्रधार गात असे. गद्य संभाषणे मात्र नटांनी प्रसंगानुरूप करावयाची असत. आरंभी झाडपाल्याने सजलेला विदूषक प्रवेश करून आपण वनचर असल्याचे सांगे आणि मग सूत्रधाराशी त्याचा विनोदी संवाद होई. सूत्रधाराने सरळ प्रश्न विचारावा व विदूषकाने त्यातील एखादा शब्द भलत्याच अर्थी घेऊन उत्तर द्यावे, ही या संवादाची पद्धत होती. अशा संवादांची लिखित संहिता नसल्याने तो विनोद त्या त्या रात्रीपुरताच राहिला.

सांगलीजवळील हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांच्या नाटकांत शब्दक्रीडा संयमित रूपात आढळते. तिचा एक विशेष म्हणजे पात्रांची नावे. संगीत शारदा (१८९९) या नाटकात पैशासाठी कन्येचा विवाह वृद्धाशी लावू पाहणारा पिता कांचनभट आहे आणि तो वृद्ध वर भुजंगनाथ आहे. कांचन म्हणजे सोने व भुजंग म्हणजे सर्प. नावे ऐकण्यात नेहमीची वाटतात. पण कथानक पुढे सरकते, तसा त्यांतील दुसरा अर्थ जागा होतो. संशयकल्लोळ (१९१६) मधील फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती या नावांत महिने व नक्षत्रे एकत्र आली आहेत. मात्र देवलांचा हा विनोद लिहिलेला असल्याने प्रत्येक प्रयोगात तसाच राहतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर व राम गणेश गडकरी यांच्या कोटिप्रचुर लेखनाने मुद्रित मराठीत या प्रकारास प्रतिष्ठा मिळवून दिली. लोकरंगभूमीवरील कोटी मात्र कागदापासून दूरच राहिली.

तमाशा : गण, गौळण, बतावणी व वग हे तमाशाचे प्रमुख घटक होत. यांतील गौळण व बतावणी या भागांत शाब्दिक विनोदास सर्वाधिक वाव मिळतो. गौळणीत मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणी, त्यांच्याबरोबरची मावशी, वाट अडविणारा कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या यांचा संवाद असतो. मावशीची भूमिका परंपरेने पुरुष नट करतो. कृष्ण मागतो ते ‘दान’ म्हणजे जकात की धर्मादाय, या प्रश्नावर मावशी व पेंद्या यांची बराच वेळ झोंबाझोंबी चालू शकते. बतावणीत दोन किंवा तीन नट असतात. एक जण शहाणा, दुसरा अडाण्याचे सोंग घेतलेला. शहाण्याचा प्रत्येक महत्त्वाचा शब्द अडाणी निराळ्या अर्थाने घेतो आणि अखेरीस शहाणाच निरुत्तर होतो. वगातील राजा व प्रधान यांच्यासमोर सोंगाड्या हेच काम करतो. ‘पाटलांचे गावात वजन आहे’, असे कोणी म्हटले, की सोंगाड्याने ‘होय, परवा गाडीला चार बैल लागले’, असे म्हणावयाचे, हा त्याचा साधा नमुना होय.

या कलेच्या घडणीत सातारा–सांगली परिसराचा वाटा मोठा आहे. तासगाव तालुक्यातील सावळज येथील उमा-बाबू सावळजकर यांचा मोहना-बटाव हा पहिला वग मानला जातो. त्याचा काळ १८६५ च्या सुमाराचा सांगण्यात येतो. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) या नावाने विख्यात झाले. ब्राह्मण कुटुंबातील या कवीने जातिबंधने तोडून तमाशाचा फड जवळ केला आणि गण, गौळणी, लावण्या व वग यांची विपुल रचना केली. मिरज तालुक्यातील कवलापूर येथील शिवा-संभा यांचा फड नामांकित होता. पुढे त्याच घराण्यातील लहू व अंकुश संभाजी खाडे हे जुळे बंधू ‘काळू-बाळू’ या नावाने महाराष्ट्रभर लोकप्रिय झाले. जहरी प्याला या वगातील त्यांची विनोदी हवालदारांची जोडी विशेष गाजली. एकमेकांसारखे दिसणारे दोन नट समोरासमोर उभे राहिल्याने कोण कोणते बोलला हाच प्रश्न पडे. शब्दांच्या गोंधळास चेहऱ्यांच्या गोंधळाची जोड मिळे.

तमाशाचे कलावंत बहुतांशी दलित समाजातील होते. गावच्या जत्रेत त्यांच्यापुढे पाटील, सावकार, कुलकर्णी अशी प्रतिष्ठित मंडळी बसत आणि खेळ संपल्यावर त्याच गावात या कलावंतांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी घेण्याची मुभा नसे. अशा परिस्थितीत प्रतिष्ठितांवर सरळ टीका करणे धोक्याचे होते. श्लेषाने हा धोका कमी केला. विनोदकाराच्या तोंडी निरुपद्रवी अर्थ असे आणि बोचरा अर्थ श्रोत्याच्या मनात तयार होई. सावकार रागावलाच, तर तो अर्थ आपल्याला कळला व लागू पडला, अशी कबुलीच तो देई. म्हणून बहुधा तोही इतरांबरोबर हसे. अर्थाची जबाबदारी बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे नेण्याची ही शक्ती, हाच या परंपरेचा गाभा होय.

या परिसरातील बोलीने त्या शक्तीत भर घातली. सातारा–सांगलीच्या ग्रामीण बोलीत ‘ण’ व ‘न’ यांतील भेद पुष्कळदा राहत नाही. पाणी हे ‘पानी’ व कोण हे ‘कोन’ होते. त्यामुळे ‘मन’ (चित्त) व ‘मण’ (चाळीस शेरांचे वजन) हे शब्द सारखेच ऐकू येतात. पहिला नपुंसकलिंगी व दुसरा पुल्लिंगी असला, तरी सामान्यरूपात हा भेदही उरत नाही. ‘आमचा सावकार मोठ्या मनाचा’ या वाक्यात सावकाराची स्तुती आहे. जोडीदाराने ‘व्हय, देताना चाळीस शेरांचा, घेताना पन्नास शेरांचा’, एवढीच पुस्ती जोडली, की स्तुतीतील प्रत्येक शब्द कायम ठेवून धान्याच्या मापातील लबाडी उघडी पडते. या कोटीतील विनोद केवळ उच्चारसाम्यात नाही. धान्य उसने घेणारा आणि ते मोजून देणारा असे दोघेही एकाच मांडवात बसलेले असतात, आणि उदारपणाचा शब्दच लुटीचा शब्द ठरतो, यात त्याची धार आहे. उच्चारसाम्य हे निमित्त, सामाजिक विसंगती हा आशय, असे या विनोदाचे स्वरूप सांगता येईल. आशय नसलेली कोटी क्षणभर चकित करते, पण हसू टिकवीत नाही.

जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर या खेळात आणखी एका भाषेची भर पडते. जत तालुक्याच्या काही भागांत कन्नड बोलली जाते. कन्नडमध्ये ‘बा’ म्हणजे ये. मराठी बोलीत ‘बा’ म्हणजे बाप. कन्नड भाषकाने ‘बा, बा’ म्हणून बोलवावे आणि मराठी पाहुण्याने आपल्याला नवा मुलगा मिळाल्याचा आनंद मानावा, या प्रकारची कोटी दोन्ही भाषा जाणणाऱ्या गावातच हसू आणते.

चळवळीतील शब्दक्रीडा : शब्दाच्या उच्चारातील बदल राजकीय दृष्ट्याही किती परिणामकारक ठरू शकतो, याचे उदाहरण याच भागात घडले. १९४२ च्या चळवळीनंतर नाना पाटील (१९००–७६) यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात समांतर शासन उभे राहिले. त्याचे नाव ‘प्रतिसरकार’. लोकांच्या तोंडी ते ‘पत्री सरकार’ झाले. ‘प्र’ हे जोडाक्षर बोलीत सुटे होण्याची प्रवृत्ती त्यास कारण झाली असली, तरी हा बदल केवळ उच्चारसौकर्याचा नव्हता. बैलाच्या खुरांना ठोकावयाच्या लोखंडी नालेस पत्री म्हणतात, आणि फितूर व गुंड यांच्या तळपायांवर फटके मारण्याची शिक्षा या चळवळीत दिली जात असे. तिला ‘पत्री मारणे’ म्हणत. शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहारातील हा शब्द संस्कृतोद्भव ‘प्रति’च्या जागी बसताच नव्या शासनाची ओळख व त्याचा धाक ही दोन्ही एका नावात आली. यामागे कोणी एक लेखक नाही. समाजच येथे कोटी करणारा आहे. ती ऐकून काहींना हसू येई व काहींना भय वाटे, हे ऐकणाऱ्याच्या बाजूवर अवलंबून होते.

याच भूमीतून आलेले अण्णा भाऊ साठे (१९२०–६९) यांनी शब्दक्रीडेस स्पष्ट राजकीय दिशा दिली. त्यांचा जन्म वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे मांग समाजात झाला. शालेय शिक्षण नाममात्रच झाले असूनही त्यांनी कथा, कादंबरी, पोवाडे व वग असे विपुल लेखन केले. मुंबईत अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकाच्या द्वारे त्यांनी तमाशाचा घाट कामगारांच्या प्रश्नांसाठी वापरला. अकलेची गोष्ट, शेटजींचे इलेक्शन, देशभक्त घोटाळे ही त्यांची लोकनाट्ये परिचित आहेत. यांतील शेवटचे शीर्षक कोटीचा उत्तम नमुना आहे. मराठी आडनावे पुष्कळदा एकारान्त असतात आणि ‘घोटाळा’ या शब्दाचे अनेकवचनही एकारान्तच होते. त्यामुळे हे नाव एका गृहस्थाचेही वाटते आणि एका वृत्तीचेही.

शासन व श्लेष : द्वयर्थी बोलण्याचा अर्थ कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न सत्तेपुढे वारंवार उभा राहिला. सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांचे कीचकवध हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. त्याचे कथानक महाभारताच्या विराटपर्वातील आहे. तथापि कीचकाच्या ठिकाणी प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन, द्रौपदीच्या ठिकाणी पीडित भारत, आणि भीम व कंकभट यांच्या ठिकाणी अनुक्रमे जहाल व मवाळ राजकारण दिसे. शब्दश्लेषाची युक्ती येथे संपूर्ण नाटकास लागू झाली होती. १९१० मध्ये इंग्रज सरकारने या नाटकावर बंदी घातली. नाट्यप्रयोगांवरील नियंत्रणाचा कायदा १८७६ पासूनच अस्तित्वात होता. परंतु बंदी घालताना कीचक म्हणजे आपलाच अधिकारी, हे समीकरण सरकारला स्वतःच मान्य करावे लागले. श्लेषाने टाकलेला हा पेच गावच्या सावकाराच्या पेचासारखाच होता.

स्वातंत्र्यानंतर निराळ्या कारणाने तोच प्रश्न उद्भवला. १९४७–४८ च्या सुमारास अश्लीलतेच्या आक्षेपावरून मुंबई सरकारने तमाशावर काही काळ बंदी घातली. पुढे सुधारणेच्या अटींवर ती उठविण्यात आली व संहिता पूर्वपरीक्षणासाठी सादर करण्याची पद्धत सुरू झाली. तमाशातील द्वयर्थी बोलणे अनेकदा कामुक सूचनेच्या अंगाने जाई, हे खरे आहे. ‘द्वयर्थी’ या शब्दासच आज जो हीन अर्थ चिकटला आहे, त्याचे मूळ यात आहे. स्त्री-कलावंतांना उद्देशून केलेल्या अशा कोट्यांत दुर्बळाने बलवंताला टोचण्याऐवजी दुर्बळावरच हसण्याचा प्रकार घडे, हा आक्षेपही रास्त आहे. तथापि लेखी संहिता तपासण्याच्या पद्धतीस एक स्वाभाविक मर्यादा होती. ‘मोठ्या मनाचा’ हे कागदावर ‘न’ने लिहिलेले वाक्य कोणत्याही परीक्षकास निर्दोषच वाटेल, ‘ण’ हा केवळ ऐकणाऱ्याच्या कानात असतो. त्याचप्रमाणे काकू, म्हणजे स्वरभेद, हाही लिहिला जात नाही. उलट, लिहून दिलेल्या संवादाबाहेर जावयाचे नाही, या अपेक्षेमुळे प्रसंग पाहून केली जाणारी व गावातील ताज्या घटनेवर बेतलेली कोटी मात्र अडचणीत आली. पद्धतीचा रोख अश्लीलतेवर होता. परंतु बतावणीचा जो उत्स्फूर्तपणा हा प्राण, त्यासही तिचा उपद्रव झाला.

शब्दांचे आयुष्य : शाब्दिक विनोद इतिहासाच्या अभ्यासकास आणखी एका कारणाने उपयुक्त आहे. कोटी यशस्वी होण्यासाठी दोन्ही अर्थ श्रोत्यांना विनासायास ठाऊक असावे लागतात. त्यामुळे एखाद्या काळी मांडवभर लोक कशावर हसले, हे कळले, तर त्या समाजाला काय सर्वज्ञात होते, याचा पुरावा मिळतो. १९५६ च्या वजन-मापविषयक कायद्यानंतर दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने अमलात आली आणि मण व शेर व्यवहारातून गेले. मण गेल्याबरोबर ‘मोठ्या मना’ची कोटीही निकामी झाली. आज ती समजावून सांगता येते. परंतु समजावून सांगितलेल्या कोटीस हसू येत नाही.

जुने शब्द गेले, तसे नवे अर्थ आले. १९५० नंतरच्या दशकांत कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि ऊस-व्यवहाराची परिभाषा घरोघर पोहोचली. ‘काटा’ म्हणजे झाडाचा काटा, तसाच उसाच्या गाड्या मोजण्याचा काटा. ‘उसाला काटा असतो कुठे?’ या प्रश्नास ‘शेतात नसतो, तो कारखान्याच्या दारात असतो’, हे उत्तर आजही सहज कळते. ‘उतारा’ हा शब्द तर या भागात त्रिविध झाला आहे. तलाठ्याकडून मिळतो तो सातबाराचा उतारा, उसातून निघतो तो साखरेचा उतारा आणि पहिल्या दोहोंनी दगा दिल्यावर देवऋषी सांगतो तो बाधेवरचा उतारा. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणग्रस्त तालुक्यांत ‘पाणी मुरणे’ या वाक्प्रचारास असेच दुहेरी वजन आले. पाझर तलावात पाणी मुरणे हा त्याचा हेतूच असतो. मात्र तलावाच्या कामाविषयी बोलताना ‘पाणी कुठे तरी मुरते आहे’ असे कोणी म्हटले, तर ते जमिनीविषयी की हिशेबाविषयी, याचा निर्णय तो ऐकणाऱ्यावरच सोपवीत असतो.

फडांची संख्या घटली आणि चित्रपट, दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी यांनी करमणुकीची जागा घेतली, तरी बतावणीतील प्रश्न-उत्तराचा घाट विनोदी कार्यक्रमांत व निवडणुकीच्या सभांत टिकून आहे. प्रमाणभाषेच्या प्रसाराने ‘न’ व ‘ण’ यांचे अंतर पुन्हा स्पष्ट होत असल्याने बोलीवर आधारलेल्या कोट्या मात्र कमी होत आहेत. प्रसंगानुरूप बोलल्या गेलेल्या जुन्या बतावण्यांपैकी थोड्याच लिहून ठेवलेल्या आहेत. ज्या लिहिल्या गेल्या, त्यांतही शब्द आहेत, पण आवाज नाही. म्हणून या परंपरेचा अभ्यास करताना संहितेबरोबर तिचा उच्चार, खेळाचे गाव आणि पुढे बसलेला श्रोता यांचीही नोंद होणे अगत्याचे आहे. कारण येथील विनोदाचा अर्धा भाग नेहमी ऐकणाऱ्यानेच पुरा केलेला आहे.